खतावणीतला नऊ आणि न फुटणारी संख्या

कळवणच्या बाजार समितीत उन्हाळ कांद्याची आवक वाढली की व्यापाऱ्याच्या पेढीवर रात्री उशिरापर्यंत हिशेब चालतो. काटापट्ट्या, लिलावाचा भाव, हमाली, तोलाई, ट्रकभाडे, शेतकऱ्याला चुकती केलेली रक्कम असे कितीतरी आकडे एका दिवसात वहीत चढतात. फर्निचर, वेल्डिंग किंवा शिवणकाम करणाऱ्या आपल्या कारागिरांच्या वहीत आकडे कमी असतील, पण उधारी-वसुलीचा गुंता तोच. महिनाअखेर तेरीज मांडली की जमा आणि नावे यांत फरक निघतो. समजा, तो १८० रुपयांचा आहे. रक्कम मोठी नाही. पण ती कोणाच्या खात्यात अडकली हे कळेपर्यंत मुनिमावर संशय राहतो आणि गिऱ्हाइकाशी शब्दाने शब्द वाढतो.

अशा वेळी वही पहिल्या पानापासून चाळत बसू नये. आधी फरकाला ९ ने भागून पाहावे. भाग बिनबाकी गेला, तर बहुधा कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. १८० ला ९ ने भागले की २० येतात. याचा अर्थ असा की, दशक आणि शतक या दोन घरांतले अंक उलटसुलट झाले आहेत आणि त्या दोन अंकांत २ चा फरक आहे. ४,८६० च्या जागी ४,६८० लिहिले गेले की नेमका हाच फरक पडतो. भागाकार २ आला असता तर एकक-दशक पाहावे लागले असते आणि २०० आला असता तर शतक-सहस्र. शेकडो नोंदींपैकी मोजक्याच नोंदी तपासायच्या उरतात.

शून्य जास्त पडले किंवा गळाले तरी हाच नऊ हाती येतो. ४५० रुपयांच्या जागी ४,५०० लिहिले, तर फरक ४,०५०. त्याला ९ ने भागले की ४५०, म्हणजे चुकलेली नोंदच समोर येते. फरक ९ ने भागला जात नसेल, पण सम असेल, तर तो निम्मा करावा आणि त्या रकमेची नोंद जमेऐवजी नावे पडली आहे का ते पाहावे. चुकीच्या बाजूला गेलेली रक्कम फरक दुप्पट करते. हे सर्व नियम संशयाची जागा दाखवतात, पुरावा देत नाहीत. १८० रुपयांची एखादी नोंद मुळातच राहून गेलेली असू शकते. संगणकावर हिशेब ठेवणाऱ्यांनीही हे नियम लक्षात ठेवावेत. यंत्राची बेरीज चुकत नाही, पण आकडा दाबणारे बोट चुकते.

नऊच का? आपण दहाच्या पटीत मोजतो आणि दहा म्हणजे नऊ अधिक एक. १०० म्हणजे ९९ अधिक १, १,००० म्हणजे ९९९ अधिक १. अंक एका घरातून दुसऱ्या घरात सरकला की त्याची किंमत नेहमी नऊच्या पटीतच बदलते. म्हणून कोणत्याही संख्येला ९ ने भागून जी बाकी उरते, तीच त्या संख्येच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागून उरते. जुन्या पिढीला शाळेत शिकवलेला नवाचा ताळा तो हाच. अरबी हिशेबाच्या जुन्या ग्रंथांतही हा ताळा आहे. कॅल्क्युलेटर आल्यापासून तो अडगळीत गेला, ही मोठी चूक झाली असे आम्हाला वाटते.

ताळा कसा करायचा? समजा, ३४७ क्विंटल कांदा १,२८५ रुपये भावाने घेतला. रक्कम झाली ४,४५,८९५. आता ३४७ च्या अंकांची बेरीज १४, पुन्हा बेरीज ५. १,२८५ ची १६, पुन्हा ७. पाच साते पस्तीस, पस्तीसचे ८. इकडे ४,४५,८९५ च्या अंकांची बेरीज ३५, म्हणजे ८. ताळा जमला. पण मुनिमाने घाईत ४,५४,८९५ लिहिले तर? अंक तेच, बेरीज तीच. नऊ हजारांची चूक होऊनही नवाचा ताळा जमतोच. जो नऊ तेरजेतली अदलाबदल पकडून देतो, तोच येथे तिच्यावर पांघरूण घालतो.

येथे अकराचा ताळा कामाला येतो. उजवीकडून अंक घेऊन एक मिळवायचा, पुढचा वजा करायचा. ३४७ चे ७ वजा ४ अधिक ३, म्हणजे ६. १,२८५ चे ५ वजा ८ अधिक २ वजा १, म्हणजे उणे २. उणे आले की ११ मिळवायचे, म्हणून ९. सहा नवे चोपन्न, त्यातून ११ चे चार हप्ते म्हणजे ४४ काढले की १०. आता ४,४५,८९५ चे याच रीतीने उणे १ येतात, म्हणजे १०. जमले. ४,५४,८९५ चे मात्र १ येतात. चूक पकडली गेली. शेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल अकराच्या ताळ्यातून कधीच सुटत नाही.

आज आपण खिशात घेऊन फिरतो त्या क्रमांकांतही हीच युक्ती आहे. जीएसटी क्रमांकाची पंधरा अक्षरे असतात. महाराष्ट्राचा क्रमांक २७ ने सुरू होतो आणि शेवटचे अक्षर हे आधीच्या चौदांवरून काढलेला ताळा असतो. आधारच्या बारा अंकांपैकी शेवटचा, बँकेच्या कार्डावरील शेवटचा, हेही ताळ्याचेच अंक. रीती वेगवेगळ्या, हेतू एकच: लिहिणाऱ्याची चूक जागच्या जागी कळावी. बिलावरचा जीएसटी क्रमांक संगणक नाकारतो तेव्हा पुष्कळदा एखादा अंक इकडचा तिकडे झालेला असतो, एवढेच.

अंकांच्या या स्वभावावर सारे आयुष्य वेचणारा माणूस आपल्याच जिल्ह्यात होऊन गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे त्यांचे नाव. जन्म १९०५ मध्ये डहाणूचा, शिक्षण ठाणे आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात, आणि १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळामास्तर होते. हे देवळाली म्हणजे आपल्या शेजारचे देवळा नव्हे. नाशिक शहराजवळचे, छावणीचे देवळाली. विद्यापीठाची मोठी पदवी नाही, हाताशी यंत्र नाही. कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढेच भांडवल. येथील अनेक विद्वानांनी त्यांचे काम पोरखेळ मानले. १९७५ च्या मार्च महिन्यात मार्टिन गार्डनर या लेखकाने अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. १९८६ मध्ये कापरेकर वारले.

त्यांची ६१७४ ही संख्या प्रसिद्ध आहे. कोणतेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. मोठ्यापासून लहान मांडा, मग लहानापासून मोठे, आणि वजाबाकी करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुढे ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता कितीही वेळा करा, ६१७४ च येणार. कोठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तेथेच पोचता. वाटेत आलेल्या ३०८७, ८३५२ आणि ६१७४ या तिन्ही संख्यांना ९ ने भाग जातो. हे आपल्या तेरजेतलेच प्रकरण आहे: तेच अंक जागा बदलून वजा केले की फरक नऊच्या पटीत.

कापरेकरांना रेल्वेच्या डेम्लो स्थानकावर आणखी एक कल्पना सुचली आणि त्या संख्यांना त्यांनी डेम्लो हेच नाव दिले. (हे स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली.) ११ ला ११ ने गुणले की १२१. १११ ला १११ ने गुणले की १२३२१. असे करत नऊ एकांपर्यंत गेले की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते; चढत गेलेला जिना उतरून खाली येतो. दहा एक घेतले की हातचा येतो आणि जिना मोडतो.

ही सतरा अंकी संख्या संयुक्त आहे, म्हणजे लहान संख्यांच्या गुणाकाराने बनलेली आहे. जिचे असे तुकडे होत नाहीत ती मूळ संख्या. ७, ३७, १०१ अशी. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ होते आणि ८१ नेच तिला भाग जातो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी हर्षद हे नाव दिले होते. हिचे तुकडे पाडणेही अवघड नाही, कारण ती नऊ एकांचा वर्ग आहे, आणि नऊ एक म्हणजे तीन-तीन एकांचे तीन गट. १११ गुणिले १००१००१. पुढे १११ म्हणजे ३ गुणिले ३७ आणि १००१००१ म्हणजे ३ गुणिले ३३३६६७. येथे येऊन थांबावे लागते, कारण ३, ३७ आणि ३३३६६७ या मूळ संख्या आहेत. म्हणजे सतरा अंकी डोंगर तीनच प्रकारच्या विटांचा निघाला. संख्येला घडण असली की ती आपणहून फुटते.

दुसरे असेच उदाहरण बुद्धिबळाच्या पटावरचे आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार असे दुप्पट करत चौसष्टाव्या घरापर्यंत जायचे, तर एकूण दाणे किती? अबू रैहान अल-बिरूनी यांनी इसवी सन १००० च्या सुमारास लिहिलेल्या ‘आसार-उल-बाकिया’ या ग्रंथात हा हिशेब केला आहे: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. त्यांनी चौसष्ट वेळा बेरीज केली नाही. पाचव्या घरातील १६ चा वर्ग २५६ म्हणजे नववे घर, त्याचा वर्ग ६५,५३६ म्हणजे सतरावे, त्याचा वर्ग तेहतिसावे, आणि आणखी एकदा वर्ग केला की पटाबाहेरचे पासष्टावे घर. त्यातून एक वजा केला की पटावरचे सर्व दाणे. आज लाखोंची उलाढाल करणाऱ्यानेही हे हाताने करून पाहावे. चार गुणाकारांत काम होते.

हीच चाल उलटी चालवली की ती वीस अंकी संख्या फुटते. कोणत्याही वर्गातून एक वजा केला, की उरते ती संख्या दोन तुकड्यांची असते: मुळाहून एक कमी आणि मुळाहून एक जास्त. ६४ घरांचे ३२, ३२ चे १६ असे निम्मे करत गेले की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७ असे तुकडे पडतात. यांतील शेवटचा तुकडा फ्रान्सच्या फर्माने मूळ संख्या मानला होता. ऑयलरने १७३२ मध्ये दाखवले की तो ६४१ गुणिले ६७,००,४१७ आहे. म्हणजे येथे घडणीने साथ दिली ती शेवटच्या तुकड्यापर्यंत. पुढे नुसती घडण पाहून भागले नाही, आणखी डोके चालवावे लागले.

आता पटाला तीन घरे जास्त आहेत असे समजा. सदुसष्ट घरांचे एकूण दाणे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, एकवीस अंकी. ६७ ही मूळ संख्या असल्यामुळे घरे निम्मी करत जाण्याची युक्ती येथे चालत नाही. १६४४ मध्ये मर्सेनने ही संख्या मूळ आहे असे लिहून ठेवले. १८७६ मध्ये ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने सिद्ध केले की ती मूळ नाही, संयुक्त आहे. पण तिचा एकही अवयव त्याला सांगता आला नाही. कोर्टात गुन्हा शाबीत व्हावा आणि आरोपी मात्र सापडू नये, तसा प्रकार. सत्तावीस वर्षांनी, १९०३ च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कच्या सभेत फ्रँक कोल नावाच्या प्राध्यापकाने फळ्यावर १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ हा गुणाकार करून दाखवला. उत्तर जुळले. या शोधासाठी आपले तीन वर्षांचे रविवार गेले, असे त्यांनी पुढे सांगितले म्हणतात. वाचकांना नवाचा ताळा करून पाहता येईल: पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज ३७ म्हणजे १, दुसऱ्याची ६४ म्हणजे १, आणि एकवीस अंकी संख्येची १०९, म्हणजे १. ताळा जमतो.

तपासणे एका मिनिटाचे, शोधणे तीन वर्षांचे. हा फरक घरी अनुभवायचा असेल तर ३०,०३१ चे अवयव काढून पाहा. २, ३, ५, ७, ११, १३ यांनी भागले तर दर वेळी बाकी १. पुढे १७, १९ करत जा. सतराव्या मूळ संख्येला, ५९ ला, यश येते: ५९ गुणिले ५०९. मात्र ५९ ला ५०९ ने गुणायला शाळकरी पोराला अर्धे मिनिट पुरते.

बँकेच्या व्यवहाराचे एक मोठे कुलूप याच फरकावर बसवलेले आहे. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन या तिघांनी ते अमेरिकेत मांडले. बँकेने दोन प्रचंड मूळ संख्या गुपचूप निवडायच्या, त्यांचा गुणाकार मात्र उघड करायचा. कुलूप लावायला गुणाकार पुरतो, उघडायला दोन अवयव लागतात. छोट्या आकड्यांत पाहू. ३ आणि ११ या गुप्त संख्या, ३३ हा उघड गुणाकार. पाठवायचा आकडा ४ आहे. त्याचा घन ६४, ३३ ने भागून बाकी ३१. हा ३१ वाटेत कोणीही पाहिला तरी हरकत नाही. बँक ३१ ला सात वेळा घेऊन गुणते आणि ३३ ने भागते. ३१ म्हणजे ३३ ला २ कमी. उणे २ सात वेळा गुणले की उणे १२८, त्यात ३३ चे चार म्हणजे १३२ मिळवले की ४. आकडा परत आला. हा ७ कोठून आला? ३ आणि ११ मधून एकेक वजा करून गुणले की २०. आणि घनाच्या ३ ला ७ ने गुणले की २१, म्हणजे वीसवर एक. ज्याला ३३ चे अवयव माहीत नाहीत त्याला २० काढता येत नाही आणि ७ ही सापडत नाही. ३३ चे अवयव लहान मूलही सांगेल. म्हणून प्रत्यक्षात पुष्कळदा ६१७ अंकी संख्या घेतात. तिचे दोन अवयव सुमारे ३०९ अंकी असतात. चिपच्या कार्डात आणि अनेक संकेतस्थळांच्या सुरक्षेत हे कुलूप आहे.

अशा ३०९ अंकी मूळ संख्या मिळतात कशा? ल्युकाने दाखवलेल्या वाटेने, म्हणजे तुकडे न पाडता संख्या मूळ की संयुक्त हे ठरवून. २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी ही परीक्षा कोणत्याही संख्येसाठी खात्रीने आणि वाजवी वेळात होते हे सिद्ध केले, आणि जगभर त्यांचे नाव झाले. रोजच्या वापरात मात्र त्याहून झटपट, जुन्या परीक्षा असतात.

कुलूप किती पक्के? कापरेकरांवर लिहिणाऱ्या त्याच गार्डनरने १९७७ मध्ये आपल्या सदरात १२९ अंकी एक संख्या आव्हान म्हणून छापली होती. तिचे अवयव काढायला विश्वाच्या वयाहून अधिक काळ लागेल असा तेव्हाचा अंदाज. १९९४ च्या एप्रिलमध्ये सुमारे ६०० स्वयंसेवकांनी शेकडो संगणक आठ महिने चालवून ती फोडली. २०२० च्या फेब्रुवारीत २५० अंकी संख्या फुटली. एकाच संगणक-गाभ्यावर काम केले असते तर सुमारे २,७०० वर्षे लागली असती इतके गणन त्याला लागले. ६१७ अंक अजून फार दूर आहेत. धोका दुसरीकडून आहे. पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिले की क्वांटम जातीचा पुरेसा मोठा संगणक बनला, तर अवयव काढणे सोपे होईल. म्हणून २०२४ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने अवयवांवर अवलंबून नसलेल्या नव्या कुलपांची मानके प्रसिद्ध केली. ती बसवण्याचे काम बँकांचे आणि कंपन्यांचे. दुकानदाराने मोबाइलमधील ॲप अधिकृत ठिकाणाहून वेळोवेळी अद्ययावत केले की त्याचा भाग झाला.

पण सहाशे अंकी संख्या फोडत बसणारा चोर दुकानदाराच्या वाट्याला येत नाही. फोन करून पिन किंवा ओटीपी विचारून घेणारा येतो, कारण किल्ली मालकानेच दिली तर कुलपाचा उपयोग नाही. कांद्याचे पैसे पाठवतो, पिन टाकून स्वीकारा, असे कोणी म्हणाले तर फोन ठेवून द्यावा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो फक्त देताना लागतो. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी थांबवता येण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते.